चाकू कुठे थांबवायचा?

१. दोन प्रश्न

मेंदूत गाठ आहे हे कळल्यावर घरची माणसं सर्जनला पहिला प्रश्न विचारतात, ‘गाठ सगळी निघेल ना?’ दुसरा प्रश्न थोडा वेळ जाऊन येतो, तोही बहुतेक वेळा पेशंट खोलीबाहेर गेल्यावर : ‘बोलणं-चालणं राहील ना, डॉक्टर?’ दोन्हींना ‘हो’ असं उत्तर मिळावं ही अपेक्षा साहजिक आहे. पण काही गाठींच्या बाबतीत एका प्रश्नाचं ‘हो’ दुसऱ्याच्या ‘हो’च्या मुळावर उठतं.

मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिंजिओमा मेंदूला बाहेरून ढकलतो आणि त्याची कड बहुधा साफ दिसते. ग्लायोमाचं तसं नसतं. तो मेंदूच्याच आधार-पेशींच्या जातकुळीतला. त्याच्या पेशी शेजारच्या चांगल्या भागात शिरत जातात, त्यामुळे गाठ इथे संपली आणि मेंदू इथे सुरू झाला अशी रेघ मारताच येत नाही. जितकी जास्त गाठ निघेल तितकी पेशंटला जास्त वर्षं मिळण्याची शक्यता वाढते. मात्र सेंटिमीटरभर पुढे गेलं तर उजवा हात किंवा वाचा जाऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवावं लागतं की चाकू कुठे थांबवायचा. मेंदूचा कोणता भाग कोणतं काम करतो हे शोधणारं फंक्शनल एमआरआय आणि त्यातल्या आकड्यांचं चित्र करणारं सॉफ्टवेअर हे ठरवायला मदत करतं.

२. पुस्तकातला मेंदू

वाचा कुठे असते हे तर डॉक्टरांना पाठ असेलच, मग वेगळी तपासणी कशाला? शंका रास्त आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाच्या पेशंटचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. या माणसाला बोललेलं समजत असे, पण तोंडातून ‘टां’ एवढाच आवाज निघे. इजा होती डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात. १९३७ मध्ये माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांनी एडविन बोल्ड्री यांच्यासह मेंदूच्या पृष्ठभागावर हात, ओठ, पाय यांच्या जागा कुठे आहेत ते मांडलं. ही माहिती आज कुठल्याही शरीरशास्त्राच्या पुस्तकात सापडते.

पण पुस्तक सरासरी माणसाबद्दल बोलतं आणि टेबलावर एक ठरावीक माणूस असतो. जर्मनीत २००० साली झालेल्या एका पाहणीत पक्क्या उजखोऱ्यांपैकी ४ टक्के लोकांची भाषा उजव्या बाजूला निघाली, तर पक्क्या डावखोऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. वर गाठ आजूबाजूच्या वळ्या सरकवते, ते वेगळंच. गाठ सावकाश, वर्षानुवर्षं वाढत असेल तर मेंदू आपली कामं शेजारच्या भागाकडे सोपवत जातो, त्यामुळे पुस्तकातल्या जागी काहीच नाही आणि भलत्याच ठिकाणी वाचा, असंही घडतं.

संशोधकांचा मार्ग इथे चालत नाही. ते अनेकांचे मेंदू ताणून-आवळून एका ठरावीक साच्यात बसवतात आणि सरासरी काढतात. ज्याँ तालेराक यांचा १९८८ चा गाजलेला अ‍ॅटलास असाच एक साचा होता, आणि तो एकाच, साठ वर्षांच्या बाईच्या मेंदूवर बेतलेला होता. गाठ असलेला मेंदू अशा साच्यात कोंबला तर जे जाणून घ्यायचं तेच हरवतं. ही तफावत लक्षात असू द्या. मेंदूचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर मुळात सरासरीसाठी लिहिलं गेलं, आणि सर्जनला ते एकट्या माणसासाठी वापरायचं असतं. पुढच्या बऱ्याच अडचणी यातूनच निघतात.

३. रक्त, ऑक्सिजन आणि चुंबक

पेशंट बोटं हलवतो तेव्हा मेंदूतल्या पेशींत विजेचे संदेश धावतात. एमआरआयला ते संदेश दिसत नाहीत. त्याला दिसतो त्यांच्या मागोमाग होणारा रक्ताचा बदल.

रक्तातल्या हिमोग्लोबिनकडे ऑक्सिजन असला तर चुंबकाशी त्याचं वागणं एक असतं, ऑक्सिजन देऊन टाकल्यावर दुसरं. हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. ऑक्सिजन गमावलेलं हिमोग्लोबिन स्वतः किंचित चुंबकीय होतं आणि भोवतालचा एमआरआयचा सिग्नल मंद करतं. बेल लॅबमधल्या सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये उंदरांवर प्रयोग करून याच गोष्टीतून चित्र मिळवता येतं हे सिद्ध केलं, आणि १९९२ मध्ये माणसांवरचे पहिले निष्कर्ष छापून आले.

आता एक कोडं. काम करणारा भाग ऑक्सिजन जास्त खाणार, म्हणजे तिथे बिनऑक्सिजनचं रक्त वाढून सिग्नल मंद व्हायला हवा. प्रत्यक्षात तो वाढतो. पंगतीत एका पानावरून जिलबीची हाक आली की वाढपी दोन जिलब्या मोजून आणत नाही, भरलेली परातच घेऊन येतो, आणि त्या पानाभोवती खाल्ल्यापेक्षा उरलेलीच जास्त दिसते. मेंदूचंही हेच आहे. मागणीपेक्षा कितीतरी जास्त ताजं रक्त तिथे धावतं, ऑक्सिजन उरतो आणि सिग्नल वर जातो.

मात्र ही परात उशिरा पोचते. काम सुरू झाल्यावर सिग्नल शिखराला जायला पाच-सहा सेकंद लागतात, आणि वाढ असते साधारण एक-दोन टक्क्यांची. एवढा बारीक फरक नुसत्या डोळ्यांना कुठल्याही फिल्मवर दिसणार नाही. तो आकडेमोड करूनच काढावा लागतो.

४. सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

पेशंट यंत्रात आडवा आहे, डोकं दोन्ही बाजूंनी फोमच्या गाद्यांनी घट्ट बसवलेलं, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. यंत्राचा ठकठकाट चालू. हेडफोनमधून सूचना येते : ‘उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला टेकवा.’ तीस सेकंदांनी : ‘थांबा.’ पुन्हा तीस सेकंदांनी : ‘सुरू करा.’ अशी पाच आवर्तनं, म्हणजे पाच मिनिटं.

तेवढ्या वेळात यंत्र समजा दर तीन सेकंदांनी एकदा पूर्ण मेंदूचं चित्र घेतं. एकूण १०० चित्रं. प्रत्येक चित्र छोट्या घनांचं बनलेलं असतं. अशा घनाला व्हॉक्सेल म्हणतात, आणि त्याची बाजू सुमारे तीन मिलिमीटर. ६४ ओळी, ६४ स्तंभ आणि ३० थर धरले तर १,२२,८८० व्हॉक्सेल होतात, आणि प्रत्येकाचे १०० आकडे.

सॉफ्टवेअर आधी डोक्याची हालचाल दुरुस्त करतं : तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती वळणं असे सहा आकडे काढून प्रत्येक चित्र पहिल्याशी जुळवतं. मग प्रत्येक व्हॉक्सेलला एकच प्रश्न विचारतं : तुझा सिग्नल बोटांच्या वेळापत्रकाप्रमाणे वर-खाली होतो का? एका व्हॉक्सेलची विश्रांतीतली सरासरी १,००० आणि कामाच्या वेळची १,०१५ आहे असं धरा. फरक १५ चा. आकडे एरवी पाच-सातानेच डुलत असतील तर १५ चा फरक खरा मानायला हरकत नाही. चाळिसाने डुलत असतील तर तोच १५ गोंगाटात जमा. फरक आणि गोंगाट यांच्या या गुणोत्तराला ठरावीक कट-ऑफ लावतात. त्याच्या वर जे व्हॉक्सेल येतील त्यांना लाल-पिवळा रंग देतात आणि तो रंग मिलिमीटरभर बारकाईच्या साध्या एमआरआयवर चढवतात.

सर्जनच्या पडद्यावर दिसणारा डाग तो हाच. मेंदूत असा लाल दिवा कुठेच पेटलेला नसतो. तो आकडेमोडीचा निकाल आहे, आणि त्यात माणसाने ठरवलेला कट-ऑफ आधीच मिसळलेला आहे.

लंडनमध्ये कार्ल फ्रिस्टन यांनी १९९१ मध्ये खुलं केलेलं ‘एसपीएम’, अमेरिकेत रॉबर्ट कॉक्स यांनी लिहिलेलं ‘अफनी’ आणि ऑक्सफर्डचं ‘एफएसएल’ ही या कामातली जुनी नावं. तिन्ही संशोधनासाठी. रुग्णालयं सहसा यंत्र बनवणाऱ्या किंवा नॅव्हिगेशनच्या (शस्त्रक्रियेत जागा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) कंपन्यांची परवाना मिळालेली पॅकेजेस वापरतात. आतलं गणित त्याच घराण्यातलं असतं.

५. मेलेला मासा आणि कट-ऑफ

२००९ साली क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका परिषदेत एक पोस्टर लावलं. त्यांनी एक सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या व्यक्तीला काय वाटत असेल ते ओळखायला सांगितलं. मासा मेलेला होता. तरी सॉफ्टवेअरने त्याच्या मेंदूच्या जागी काही व्हॉक्सेल रंगवून दिले.

यात जादू नाही. हजारात एक चूक चालेल असा कट-ऑफ ठेवला तर सव्वा लाख व्हॉक्सेलमधले शंभराच्या वर नुसत्या योगायोगाने उजळतील. इतक्या वेळा प्रश्न विचारला म्हणून कट-ऑफ कडक करावा लागतो. तो केल्यावर मासा पुन्हा मेला. २०१२ मध्ये या मंडळींना इग नोबेल मिळालं. २०१६ मध्ये स्वीडनच्या अँडर्स एकलुंड यांनी वरची तिन्ही सॉफ्टवेअरं ४९९ निरोगी माणसांच्या आकड्यांवर तपासली. गटांची तुलना करण्याच्या काही प्रचलित रीतींत पाच टक्के अपेक्षित असलेली खोटी उत्तरं ७० टक्क्यांपर्यंत गेलेली त्यांना आढळली. ही त्रुटी गटांच्या अभ्यासातली होती, एकेका पेशंटच्या चित्रावर ती जशीच्या तशी लागू होत नाही. पण यामुळे संशोधक कट-ऑफ कडक ठेवण्याबाबत आणखी काटेकोर झाले.

शस्त्रक्रियेत मात्र हा काटेकोरपणा उलटू शकतो. नसलेला डाग दाखवला तर सर्जन थोडी गाठ मागे ठेवेल. असलेला डाग गाळला तर सर्जन वाचा कापून काढेल. दोन चुका, पण वजन सारखं नाही. समजा, कट-ऑफ ३ ठेवल्यावर हाताच्या भागाचा डाग गाठीपासून ४ मिलिमीटरवर येतो आणि ६ ठेवल्यावर आक्रसून १३ मिलिमीटरवर जातो. पेशंट तोच, स्कॅन तोच. डाग आणि गाठ यांत साधारण एक सेंटिमीटर अंतर असलं तर बरं, असा ढोबळ नियम बरेच जण पाळतात. त्या नियमाने पहिलं चित्र म्हणतं थांबा आणि दुसरं म्हणतं चला.

सगळ्यांना लागू पडेल असा कट-ऑफ नाहीच. पेशंट किती जागा होता, त्याने बोटं किती नीट हलवली, यंत्र किती ताकदीचं, सगळ्यावर तो अवलंबून असतो. म्हणून जाणता रेडिओलॉजिस्ट एकच चित्र छापून देत नाही. तो कट-ऑफ वर-खाली करून बघतो. शेवटपर्यंत टिकून राहणारा मधला गाभा विश्वासाचा, कड नव्हे. माझं स्पष्ट मत असं की कट-ऑफ लिहिलेला नसेल तर तो रंगीत छापा फाइलमध्ये शोभेलाच ठेवावा.

६. भाषेची परीक्षा मराठीत

बोटं हलवायला भाषा लागत नाही. वाचेचा भाग शोधताना मात्र पेशंटला भाषेचं काम द्यावं लागतं, तेही मनातल्या मनात, कारण जबडा हलला की डोकं हलतं. अमेरिकेतल्या फंक्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०१७ मध्ये मोठ्या माणसांसाठी तीन कामं सुचवली : अपुरं वाक्य पुरं करणं, शब्द आठवणं आणि यमक ओळखणं.

आता ही मराठीत आणा. ‘या अक्षरावरून शब्द आठवा’ हे इंग्रजीत सरळ आहे. ‘क’वरून शब्द आठवा म्हटल्यावर आपला पेशंट विचारतो, ‘किल्ला चालेल का? कुलूप?’ आधी खुलासा केला नाही तर यंत्रातली मोलाची तीस सेकंदं त्या विचारात जातात. त्यापेक्षा ‘भाज्यांची नावं’, ‘स्वयंपाकघरातली भांडी’ हे सोपं पडतं, किंवा सुरीचं चित्र दाखवून तिने काय करतात ते आठवायला सांगणं. यमकाची गंमत तर आणखी वेगळी. इंग्रजीत सारखी अक्षरं दोन शब्दांत भिन्न वाजतात, त्यामुळे यमक ओळखायला शब्द मनात उच्चारावाच लागतो. देवनागरीत ‘नळ’ आणि ‘फळ’ यांचा शेवट नुसता डोळ्यांनीच जुळतो. उच्चाराचा भाग झोपलेला राहिला तरी उत्तर बरोबर येतं. म्हणून लिहिलेले शब्द न दाखवता नळाचं आणि फळाचं चित्र दाखवायचं. म्हणजे आधी मनात शब्द शोधावा लागतो आणि मग आवाज ताडून पाहावा लागतो. परदेशी पॅकेजमधलं काम नुसतं भाषांतर करून चालवलं तर हे लक्षातही येत नाही.

घरी कोकणी, बाजारात मराठी, ऑफिसात इंग्रजी अशा माणसाची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायची? शक्य तर एकाहून अधिक भाषांत. जॉर्ज ओजमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं की द्विभाषिक माणसाच्या मेंदूत काही जागांना वीज दिली की एका भाषेत नाव सांगणं अडतं, दुसऱ्या भाषेत नाही.

भाषा कोणत्या बाजूला, हे सांगायला एक साधं गणित आहे. डावीकडे ६०० व्हॉक्सेल उजळले आणि उजवीकडे २००, तर फरक ४०० भागिले बेरीज ८००, म्हणजे ०.५. साधारण ०.२ च्या वर आकडा आला की भाषा डावीकडे मानतात. एके काळी यासाठी मानेतल्या रक्तवाहिनीतून औषध सोडून मेंदूची एक बाजू काही मिनिटं झोपवावी लागे. जून वाडा यांच्या नावाची ही चाचणी आता पुष्कळ ठिकाणी मागे पडली आहे.

७. गप्प भाग

या तपासणीतली सगळ्यात फसवी जागा रंग नसलेली असते. गाठीच्या आसपासच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा आधीच फुगून बसलेल्या असतात. पेशी काम करतात, मागणी करतात, पण रक्त वाढतच नाही. पडद्यावर तो भाग कोरा दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, इथे काही नाही. ही चूक नेमकी गाठीच्या कडेलाच होते, म्हणजे जिथे उत्तर हवं तिथेच.

यावरचा उपाय विलक्षण साधा आहे. पेशंटला पंधराएक सेकंद श्वास रोखायला सांगतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, सगळ्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पूर्ण मेंदू उजळायला हवा. जो भाग या वेळीही कोरा राहतो, त्याच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवायचा नाही. आधीच्या शस्त्रक्रियेतल्या धातूच्या क्लिपा किंवा साकळलेलं जुनं रक्त यांच्याभोवतीही सिग्नल असाच नाहीसा होतो.

८. खालचे तंतू

रंग चढतो तो मुख्यतः मेंदूच्या करड्या सालीत. तिच्याखाली पांढऱ्या तंतूंचे जुडगे जातात. साल शाबूत ठेवून तंतू कापले तर हात तितकाच लुळा पडतो. पाणी तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज पसरतं, आडवं कमी. हे मोजून तंतूंची दिशा काढण्याची रीत पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली. सॉफ्टवेअर व्हॉक्सेलमागून व्हॉक्सेल ती दिशा पकडत रेषा ओढत जातं. सूज आली की रेषा तुटते, तंतू एकमेकांना छेदत असले की ती वाट चुकते. २०१७ मध्ये वीस संशोधक-गटांच्या ९६ उत्तरांची तुलना छापली गेली. खरे जुडगे बहुतेकांना सापडले होते, पण त्याबरोबर नसलेले जुडगे त्याहून जास्त निघाले होते.

९. कवटी उघडल्यावर

मग एवढा खटाटोप कशाला? २००६ मध्ये गाठ असलेल्या ३९ पेशंटांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फंक्शनल एमआरआय पाहिल्यावर १९ जणांचे बेत बदलले, आणि त्यांपैकी १८ जणांत सर्जनने आधीपेक्षा जास्त धीट बेत आखला. चित्रामुळे डॉक्टर जपून वागतील असं आपल्याला वाटतं. इथे चित्राने हात मोकळा केला.

शस्त्रक्रियेच्या वेळी ही चित्रं नॅव्हिगेशनच्या पडद्यावर चढवलेली असतात. सर्जनने टोकदार सळई कुठेही टेकवली की पडद्यावर तीच जागा दिसते. पण कवटी उघडून आवरण कापलं की भोवतालचं पाणी वाहून जातं, मेंदू बसतो, कधी सुजतो. कालच्या चित्रातली जागा आज सेंटिमीटरभरही सरकलेली असू शकते. ते सरकणं पकडण्यासाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी नॅव्हिगेशनला जोडलेला अल्ट्रासाउंड वापरतात. गाठ काढता काढता नवं चित्र मिळत राहतं.

शेवटचा शब्द विजेचा. पेशंटला जागं ठेवतात (मेंदूला स्वतःला वेदना होत नाही). समोर एकेक चित्र धरतात : ‘ही... छत्री.’ सर्जन दोन टोकांच्या सळईने काही मिलिअँपिअर प्रवाह सालीवर देतो. पुढचं चित्र येतं. ‘हा...’ आणि शब्द अडतो. सळई उचलली की लगेच ‘कंदील’. त्या जागेवर कागदाची छोटी निर्जंतुक चकती ठेवली जाते, तिच्यावर आकडा. शेजारी थंड सलाइन तयार असतं, कारण विजेने फिट आली तर ते ओतून ती थांबवायची असते. फंक्शनल एमआरआय कामात सहभागी असलेले सगळे भाग दाखवतं. ज्याच्यावाचून काम अडतं तो भाग वीज दाखवते. २०१२ मध्ये ग्लायोमाच्या आठ हजारांहून अधिक पेशंटांच्या आकडेवारीचा एकत्रित आढावा निघाला. टिकून राहिलेलं गंभीर अपंगत्व विजेची चाचणी केलेल्यांत ३.४ टक्के होतं, न केलेल्यांत ८.२. चित्र आणि वीज यांचं पटलं नाही तर सर्जन विजेचं ऐकतो. पण पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी सळई टेकवायला वेळ नसतो, आणि जागा पेशंट दोन तासांत थकतो. कुठून सुरुवात करायची ते चित्र सांगतं.

१०. ज्यांना सूचना पाळता येत नाहीत

तपासणीच्या आधी बाहेर बसून सगळी कामं एकदा करून घेतात. चष्मा लागतो का, ऐकू नीट येतं का, घरी कोणती भाषा बोलतात, हे नातेवाइकांनी आपणहून सांगावं. हात आधीच अशक्त असेल तर तेही सांगावं. असा माणूस बोटं हलवताना खांदा आणि डोकंही हलवतो, आणि मग मेंदूच्या कडेने खोटा रंग उमटतो.

लहान मुलं, गुंगीतले पेशंट, वाचा गेलेली माणसं यांना हे जमत नाही. त्यांच्यासाठी विस्कॉन्सिनमध्ये भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलेली गोष्ट कामी येते. माणूस काहीच करत नसतानाही डाव्या आणि उजव्या बाजूच्या हाताच्या भागांतला सिग्नल एकाच लयीत हळूहळू वर-खाली होत असतो. म्हणजे एक भाग पकडला की त्याचे साथीदार सॉफ्टवेअरला शोधता येतात. पेशंटने फक्त पडून राहायचं. हातापायांचे भाग या रीतीने बरे सापडतात, भाषेचे तितके नाही. त्यामुळे सूचना पाळू शकणाऱ्या माणसाला आजही आधी भाज्यांची नावंच आठवायला सांगतात.